तिसरी हाक

जंगलाची मला भीती वाटते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी ‘एवढी शिकलीसवरलेली बाई नि घाबरते कशी’ असं म्हणायला नको. मी मालवणात वाढले, नोकरीमुळे जामसंड्यात राहिले, आणि दोन्ही ठिकाणी डोळ्यांसमोर कायम उघडं पाणी. काय येतंय ते लांबूनच दिसतं. जंगलात हातभर अंतरावरचं पान हललं तरी त्याच्यामागे काय आहे ते कळत नाही. शाळेत मी गणित शिकवते. वर्गात आवाज चढवला की शेवटच्या बाकापर्यंत शांतता पसरते. रानात मात्र मागे काटकी मोडली तर माझीच बोबडी वळते.

माझ्या मोठ्या भावाला हे सगळं माहीत आहे, म्हणून तो मला मुद्दाम चिडवतो. दादाचा मालवणच्या बाजारात फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो यांवर त्याचं आयुष्य गेलं. आता जो तो आपल्या मोबाइलवर आपले फोटो काढतो, त्यामुळे स्टुडिओतलं ते गोल स्टूल बहुतेक वेळ रिकामं असतं. दादाचं मन काही कॅमेऱ्यातून निघत नाही. गेल्या वर्षी त्याच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टरांनी ‘चालत जा’ म्हणून सांगितलं, कुठपर्यंत ते सांगितलं नाही, आणि दादानं त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावला.

निमित्त झालं ते तारकर्लीच्या एका लॉजवाल्याचं. त्याला नव्या खोलीच्या भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. दादानं आपले समुद्राचे ठेवणीतले फोटो दाखवले, तर तो म्हणाला, “दर्यो तर खिडकीतसून दिसताच. भिंतीर डोंगर होयो.” झालं. दादाच्या डोक्यात लगेच एक धबधबा आला. घाटाच्या पायथ्याला, जंगलात आत, जिथे पर्यटक जात नाहीत, मक्याची कणसं विकायला कुणी बसत नाही, असा. तरुणपणी त्यानं तो एकदा पाहिला होता म्हणे.

वहिनीचा मला फोन आला. “तू त्याच्या वांगडा जा गो. तो एकटो गेलो तर ह्या घरात चूल पेटाची नाय.” वहिनीची चूल गेली कित्येक वर्षं गॅसची आहे, पण धमकी जुनीच चालते. मी नाही म्हणू शकले नाही. दादाच्या वांगडा, त्याच्या सोबत जायचं म्हणजे त्याच्यावर लक्ष ठेवायचं, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गणपती जाऊन बरेच दिवस झाले होते. पाऊस परतीला लागला होता, म्हणजे सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर घाटावर गडगडाट. कुडाळ मागे टाकून आम्ही आत आत गेलो. रस्ता अरुंद झाला, मग लाल झाला, मग संपला. शेवटच्या घराशी दादानं गाडी लावली. घरापुढच्या खळ्यात एक म्हातारी भांडी घासत होती. तिनं आमच्याकडे, कॅमेऱ्याच्या बॅगेकडे आणि माझ्या छत्रीकडे पाहिलं.

“खंय चल्लात?”

“व्हाळार,” दादा म्हणाला. “वरसून पाणी पडता ना, थंय. फोटो काढूक.”

“जावा. पण जेवणवेळेक परत येवा. आणि रानात एकमेकाक नावान हाक मारू नकात.”

दादानं मान हलवली. हसला नाही. हा माणूस एरवी कशालाही हसतो, पण या एका बाबतीत त्याची थट्टा चालत नाही. आमची आई असल्याच घाटाखालच्या गावातली. तिनं आम्हां दोघांना हे लहानपणीच घोटून पाजलं होतं. रानात नाव घेऊन हाक मारायची नाही, नातं सांगून मारायची. आणि आपल्याला कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली तरच समजायचं की माणूस आहे. रानात माणसाशिवाय जे काही असतं, त्याला दोनच हाका मारता येतात. आईनं कधी ‘जे काही’ म्हणजे काय ते सांगितलं नाही, त्यामुळे ते माझ्या मनात वाढतच गेलं. दादा तर मालवणच्या बाजारातसुद्धा मागून एकदा हाक आली तर वळून बघत नाही. गिऱ्हाइकं त्याला बहिरा समजतात.

वाट अशी नव्हतीच. पाणी कुठून येतं ते बघत आम्ही व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेनं चढत होतो. पायाखाली भिजलेला पाचोळा, त्यावर पाय ठेवला की तो हळूच खाली जायचा. चपलेच्या पट्ट्यात जळू शिरली तेव्हा मी किंचाळले. दादानं ती बोटानं काढून फेकली आणि म्हणाला, “बाईंक वर्गात न्हेवक व्हयी ही.” थोड्या वेळानं डोक्यावरून मोठा घोंघावत आवाज गेला आणि मी खाली बसले. तो एक पक्षी होता, धनेश. पंखांचा एवढा आवाज करणारा पक्षी देवानं कशाला निर्माण केला, असं मी रागानं म्हटलं. दादा थांबून झाडाला टेकला होता आणि दम खात होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी विचारलं, “बरा आसा मा?” तर म्हणाला, “तुझ्यापेक्षा.”

धबधबा मात्र खरंच सुंदर होता, आणि हे मी घाबरलेल्या मनानं कबूल करते. फार उंच नव्हता. काळ्या कातळावरून पाणी दोन पायऱ्या उतरून खालच्या डोहात पडत होतं, आणि आवाज इतका बेताचा की आम्ही साध्या आवाजात बोलू शकत होतो. डोहाभोवती नेचे, शेवाळ, वर झाडांमधून आलेलं ऊन. माणसाची एकही खूण नाही, बिस्किटाचा कागदसुद्धा नाही. दादाचा चेहरा उजळला. त्याला तसं बघून किती दिवस झाले होते, ते तिथे माझ्या लक्षात आलं.

त्यानं तिवई उभी केली, त्यावर कॅमेरा बसवला, आणि मग डोहाच्या काठाला, अगदी पाणी टेकतं तिथे, एक काटकी रोवली. किनाऱ्यावर आम्ही लहानपणापासून हेच करतो. काटकीपर्यंत पाणी आलं की भरती, काटकी कोरडी राहिली की ओहोटी. मी म्हटलं, इथे कसली भरती नि ओहोटी. “पाणी ता पाणी,” तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं काटकीकडे बोट दाखवलं. ती कोरडी होती, पाणी उलट जरासं मागेच गेलं होतं. “बघ. ओहोटी. आता बिनघोर ऱ्हव.” आणि मी, गणिताची बाई, खरंच बिनघोर झाले. समुद्र वेळ सांगून येतो. व्हाळाला ती रीत नसते, हे आम्हां दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दादा फोटो काढत राहिला. एकेका फोटोसाठी कॅमेऱ्याचं दार बराच वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे पडणारं पाणी धाग्यांसारखं मऊ दिसतं. तेवढा वेळ मला हलायचं नाही, बोलायचं नाही, फक्त तुषार उडू नयेत म्हणून छत्री धरायची. मग त्याला खालून, मोठ्या कातळाच्या पलीकडून, तोच धबधबा कसा दिसेल ते बघायचं होतं.

“हयसर थांब. कॅमेरो सांभाळ. मी बघून येतंय.”

“मी पण येते.”

“आणि ह्या कोण बघतला? वांदर?”

तो कातळाला वळसा घालून उतरला. त्याच्या नव्या बुटांचा चर्रचर्र आवाज जरा वेळ आला, मग तोही थांबला.

मी एकटी उरले. एकटी उरल्यावर जंगल पुढे सरकतं, असा माझा अनुभव आहे. मी छत्री दोन्ही हातांनी धरून उभी होते. वर कुठेतरी, घाटावर, गडगडलं. माझ्या डोक्यावर आकाश निळं होतं, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. मग मला जाणवलं की आवाज बदलला आहे. धबधब्याचा आवाज जाड झाला होता. घरात कुणीतरी बोलता बोलता खोलीचं दार उघडलं की आवाज जसा एकदम जवळ येतो, तसा. मी काटकीकडे बघितलं. काटकी नव्हती. ती जिथे होती तिथले दगडही पाण्याखाली होते, आणि पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. त्यातून पानं येत होती, आधी सुटी, मग डहाळ्यांसकट.

मी हाक मारली.

“दादाऽऽ!”

काही नाही. मी वाट बघितली. पाण्याचा आवाज, त्यात दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज. मी दुसरी हाक मारली, पहिलीपेक्षा मोठ्यानं. काही नाही.

तिसरी हाक माझ्या तोंडातून निघेना. आता हे लिहिताना मला ते नीट मांडता येतं, तेव्हा मांडता आलं नसतं. पहिल्या दोन हाकांना दादा ओ देणारच नव्हता, तो जिवंत असला तरी, धडधाकट असला तरी. म्हणजे दोन हाका मारून ओ आली नाही, यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण तिसरी मारली आणि ओ आली नाही, तर मग दादा नव्हता. मग तो त्या चहाच्या रंगाच्या पाण्यात होता, किंवा छातीवर हात ठेवून कुठल्यातरी दगडाआड पडला होता. जोवर मी तिसरी हाक मारत नव्हते तोवर तो कातळापलीकडे उभा राहून, डोळ्यांवर हात धरून, आपल्या फोटोचा विचार करत होता. मला त्याला तसाच तिथे ठेवायचा होता. तीनपर्यंत मोजायला मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घाबरलेला माणूस आधी सामान उचलतो. मी कॅमेरा तिवईसकट उचलला आणि वरच्या एका कातळावर नेऊन ठेवला, बॅग ठेवली, छत्रीसुद्धा मिटून ठेवली. हे करताना मी मोठ्यानं बोलत होते. वहिनीला काय सांगायचं, ते बोलत होते. ‘मी छत्री धरून उभी होते’ असं वाक्य माझ्या तोंडून आलं आणि मलाच त्याची शिसारी आली. मी खाली बसले आणि बसून घसरत, हातांनी मुळं धरत, त्या मोठ्या कातळापर्यंत उतरले. मला पोहता येत नाही. मालवणात जन्मून पोहता येत नाही म्हणून लोक हसतात, तेव्हा मीही हसते. तिथे हसू आलं नाही.

कातळाला छाती लावून मी उभी राहिले आणि तिसरी हाक मारली. डोळे मिटून. हाक कसली, तो रडण्याचाच आवाज होता.

“ओऽ!”

लगेच आली. आणि इतक्या जवळून की मी दचकून मागे सरले. एक क्षण मला वाटलं की हे दादा नव्हेच, हे आईचं ‘जे काही’ आहे आणि ते तीनपर्यंत मोजायला शिकलं आहे. मग त्याच आवाजानं एक शिवी दिली, आमच्या घरातली, आणि मी कातळाला वळसा घातला.

दादा कमरेएवढ्या पाण्यात, एका धोंड्याला पाठ टेकून बसला होता. चेहरा राखेच्या रंगाचा. एक पाय पाण्यात ताठ गेलेला.

“पाय अडाकलोहा. धोंड्यांच्या मधी. ओढून बघलंय, येणा नाय.”

“दुखतं का रे?”

“पायात.”

“छातीत, छातीत!”

“नाय गो. तू आधी हय ये. पाणी वाढता.”

ते मला दिसत होतं. मी बोलत होते तेवढ्यात ते त्याच्या शर्टाच्या आणखी एका गुंडीवर चढलं. मी पाण्यात उतरले. ओढ अशी होती की पाय टेकला की खालची वाळू निघून जायची. त्याचा पाय मी चाचपला. नवा जाड बूट दोन धोंड्यांच्या फटीत पाचरीसारखा बसला होता. धोंडे हलवणं माझ्या बापजन्मी शक्य नव्हतं. पाय बुटातून निघाला तरच निघणार होता, आणि बुटाची गाठ पाण्याखाली होती. दादाला तिथपर्यंत वाकता येत नव्हतं.

मी श्वास घेतला आणि डोकं पाण्यात घातलं. खाली काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. तळाचे दगड गडगडत खाली चालले होते, आणि तो आवाज माझ्या दातांत जाणवत होता. एखादा मोठा दगड येईल आणि माझी बोटं तिथेच राहतील, एवढंच मनात होतं. गाठ सापडली, भिजून आवळली होती. नाकात पाणी गेलं. मी वर आले, खोकले, दादानं माझी वेणी मुठीत धरून ठेवली होती, म्हणजे मी वाहून जाऊ नये म्हणून. परत खाली गेले. आमच्या वडिलांची छोटी होडी होती आणि आमच्या घरात सगळे एकच गाठ मारतात, होडीच्या दोराची. बुटालाही, पिशवीलाही, माझ्या लहानपणच्या रिबिनीलाही. ती कुठून सुटते ते डोक्याला नाही, बोटांना माहीत होतं. आखूड टोक आत ढकललं आणि गाठ सैल झाली. मी नाडी उपसून काढली, बुटाची जीभ बाहेर ओढली, आणि दादाला चिमटा काढला. त्यानं पाय ओढला. तो मोठ्यानं ओरडला, आणि पाय आला.

आम्ही चढलो कसे ते मला क्रमानं आठवत नाही. मुळं आठवतात. दादाचा ओला हात माझ्या मानेत आठवतो. ‘छातीत दुखतं का’ हे मी सतत विचारत होते आणि तो ‘नाय, नाय’ म्हणत होता. कॅमेरा ठेवला होता त्या कातळावर पोहोचून आम्ही पालथे पडलो. खाली वळून बघितलं तर ज्या धोंड्याला तो टेकला होता, तो धोंडा दिसत नव्हता. नुसतं पाणी होतं, त्यात एक अख्खं झाड मुळांसकट फिरत होतं.

दादाचा घोटा सुजून जांभळा झाला होता. तो उठून बसला, दात वाजत होते. मी माझ्या ओल्या ओढणीनं त्याचं डोकं पुसायला लागले, त्यातून पाणीच गळत होतं.

“माझ्या हाका ऐकल्यास का रे तू?”

“आयकलंय. दोन.”

“मग ओ का नाही दिलीस?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “तू तिसरी खंय मारलंस?”

हे त्यानं इतक्या साधेपणानं विचारलं की मला आधी कळलंच नाही. खाली, पाय अडकलेला, पाणी कमरेला लागलेलं, आणि हा माणूस आपल्या सख्ख्या बहिणीचा आवाज ओळखून गप्प बसला होता. तिसऱ्या हाकेची वाट बघत. आणि वर मी तीच हाक घशात धरून कॅमेरा हलवत होते, छत्री मिटत होते.

“आणि तू स्वतः हाक का नाही मारलीस?”

“सुटात असा वाटला. उगाच तू घाबरशीत.”

मी त्याच्या थोबाडीत मारली. मोठ्या भावावर मी आयुष्यात हात उगारला नव्हता, भाऊबिजेला अजून त्याच्या पाया पडते. पण हात उठला आणि चांगला जोरात बसला. मग मला रडू फुटलं. मी त्याला वाटेल ते बोलले, आईलाही बोलले, लॉजवाल्यालाही. दादा गालाला हात लावून ऐकत होता. माझं बोलून संपलं तेव्हा तो म्हणाला,

“आणि एक मार गो. जिवंत आसंय ता माका कळांदे.”

हसतोय असं मला वाटलं, म्हणून मी वर बघितलं. तो हसत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते तो पुसतही नव्हता. इतका वेळ मी एकटीच घाबरले आहे असं मी समजत होते.

मी मारलं नाही. मी मारलं होतं तिथे तळवा ठेवला. बाकी सगळा दादा गारठलेला होता, गाल तेवढा गरम होता.